पोचा चालंल, तडा नको

मी दारात नाचणी पाखडत व्हती. मुरबाडची जीप थांबली आन् सुनंदाचा भाऊ एकटाच उतरला. तवाच समजलं. सुनंदा माझी सून. कावीळ अंगात मुरली, दवाखान्यातून परत आलीच नाय. आता दीड महिना होईल.

आमी तिघं दरसाल भात झोडून वीटभट्टीवर जायाचो. तिथंच माझ्या लेकाच्या अंगावर विटांचा ढीग आला. त्याला माती दिली तवा सुनंदा बोलली, "आत्या, मी भट्टीवर आता परत नाय जायाची." रडली नाय, नुस्ती बोलली. मंग तिला डोळखांबकडच्या पाड्यांवर गोळ्या-औषधं पोचवायचं काम लागलं. पायी एका पाड्यातच दिवस मावळायचा. साधी सायकल घेतली, ती दगडी उतारावर हँडलखाली गळ्यात मोडली. काम गेलं असतं तर पुन्ना भट्टीचं बोचकं बांधायचं... म्हणून आमी दोघी मुरबाडला गेलो, नुस्ती मजबूत फ्रेम घ्यायला. बाकीचं सामान जमंल तसं जोडायचं.

दुकानदारानं चकचकीत काढली. "ताई, हिला मागं पण स्प्रिंग हाय. गादीवर बसल्यासारखं वाटंल."

"गादी घरात नाय, ती रानात कशाला? पुढच्या चाकाला झटके खाणारी स्प्रिंग पुरे. मागची स्प्रिंग बिघडली तर तू येशील का पाड्यावर?"

मंग त्यानं हलकी, अल्युमिनची दिली. मी उचलून बगितली, बोलली, "ही तर भोपळ्यावानी पोकळ. जड घे गो."

"आत्या, सायकल हाय, मुसळ नाय. चढावर खांद्यावर मलाच घ्यायचीय." पर हलकी पण नाय घेतली तिनं. बोलली, ही मोडली तर जोडायला कल्याणला न्यावी लागंल, लोखंडाची आपल्या वैशाखरे गावचा वेल्डिंगवाला जोडून दील. मंग दुकानदारानं लोखंडाच्या दोन जुन्या काढल्या, दोन्ही पांढऱ्या. एक ताज्या रंगाची, स्वस्त. दुसरी पोचे पडलेली. सुनंदानं माझ्यापुढं हात केला. "आत्या, मिशरी काढ."

माझ्या कंबरेच्या पिशवीतली मिशरी घेऊन ती नळ्यांच्या जोडावर चोळायला लागली. दुकानदार हसला, "अगो ताई, फ्रेमला काय दात हायेत?" मंग तिनं पदरानं पुसलं. ताज्या रंगाच्या फ्रेमवर, सीटच्या खाली, केसाएवढी काळी रेघ तशीच ऱ्हायली. दुकानदारानं ती फ्रेम उचलून मागं ठेवली. पोचलेलीवर रेघ नव्हती. "पोचा चालंल," सुनंदा बोलली, "तडा नको." तीच घेतली. मधली नळी उतरती, लुगड्यातून पाय टाकता यायचा.

चाकं भात विकल्यावर आली, ब्रेक मोहाची फुलं विकून. तवापासून भट्टीचा मुकादम दारात आला की ती हातानंच नको म्हणायची. सायकल ओढ्यातून, दगडातून गेली, पर फ्रेम कवा मोडली नाय.

आता तिच्या कामावर मंगल लागलीय, शेजारच्या पाड्यातली. तिचा नवरा पण भट्टीवरच असतो. परवा आली, दारात उभी ऱ्हायली. "आजी, सायकल नेऊ का? इचारायला जीभ रेटत नाय."

"ने," मी बोलली. "पाड्यावर पोरं तापानं फणफणली असतील."

मंगल बुटकी. सीटवर बसली तर पाय टेकंना. मी पान्यानं बोल्ट ढिला केला. सीटखालच्या दांड्यावर एक घासलेली गोल रेघ व्हती, सुनंदाच्या उंचीची. मी सीट दाबली... रेघ हळूहळू नळीच्या आत गेली. मी बोल्ट घट आवळला. मंगलचे पाय टेकले.