बटनावरचं लिंबू

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मला मोटर सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा आईनं वलगावात गल्लीभर सांगितलं, "माहा पोरगा मोटर चालोते." लोकांना वाटलं मी ड्रायव्हर झालो. गावी गेलो की कोणी ना कोणी विचारायचं, "अमरावतीले सोडतं काय रे?" माझी मोटर जागची हलत नाही हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आईचा मात्र उतरला नाही. आमच्या घरात पहिली पक्की नोकरी माझी होती आणि तिनं दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणं त्याच महिन्यात बंद केलं.

रुईला ठिणगीचं भय, म्हणून मोटर अंगणापलीकडे वेगळ्या खोलीत होती. तिकडच्या हॉलमध्ये कापसातून सरकी काढणारे रेचे, त्यांच्यावर कापूस सोडणाऱ्या बाया आणि त्या सगळ्यांवर आवाज टाकणारा मुकादम. हॉलच्या भिंतीवर एक बटन होतं. मुकादमानं ते दाबलं की तारेवरून माझ्या खोलीतली बेल वाजायची. एक ठोका म्हणजे मोटर बंद, दोन ठोके म्हणजे चालू. रेच्यात कोणाचा हात सापडला तर तो एक ठोकाच त्याला वाचवणार होता, म्हणून बेल वाजली की विचार न करता स्विच ओढायचा, असा मला हुकूम होता.

दसऱ्याला मालकांनी मला मोटरीपुढे नारळ फोडायला सांगितलं. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि माझी मान अजून नव्यानं ताठ झालेली होती. मी म्हटलं, "मालक, मोटरीले तेल देतो, पुसून काढतो, पण नारळ नाई फोडत." मालक हसले. मुकादम हसला नाही. त्यानं भक्तीची सगळी कसर हॉलमधल्या बटनावर काढली. कुंकू झाकणावर लावलं तर आत कसं पोचेल, म्हणून झाकणच काढून टाकलं. मग दर शनिवारी तिथं लिंबू-मिरची लटकू लागली.

आणि हंगाम रंगात आला तशी बेल आपोआप वाजू लागली.

टण. मी स्विच ओढायचो. अंगणातून मुकादम पळत यायचा. "बंद केली काहून बे?" मी म्हणायचो, बेल वाजली. तो म्हणायचा, मी बटनाला बोट लावलं नाही. दोघंही खरं बोलत होतो, त्यामुळे भांडण फार जोरात व्हायचं. तोवर रेच्यांत कापूस तुंबायचा आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांवरचे शेतकरी आमच्या खानदानाचा उद्धार करायचे.

मी बॅटरी बदलली. बेल खोलून पुसली. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. सगळं ठीक. बेल बिघडायची ती मोटर चालू असतानाच, आणि मी तपासायला उठायचो ते मोटर बंद करून. तेव्हा ती अशी गप्प बसायची की विचारू नका. मुकादमानं कारण केव्हाच शोधलं होतं. "मोटर रुसली, मालक. यानं तिले हात नाई जोडला." त्याचा उपाय म्हणजे एकाच्या जागी दोन लिंबं. बेल दुप्पट वाजू लागली. मग त्यानं तीन लावली.

शेवटी मालकांनी मला बोलावलं. "उद्यापर्यंत पाह्यतो. नाई तर दुसरा माणूस आणतो." मला आई दिसली, विळा घेऊन पुन्हा बांधावर उभी. राग आला तो लिंबांचा नाही, माझ्या विद्येचा. वायरमनची परीक्षा पास होऊन मी एका घंटीपुढे हात टेकले होते.

तेव्हा कुठे डोकं चाललं. बेल वाजली की मी मोटर बंद करतो, आणि मोटरीबरोबर दोषही निजतो. मग मोटर चालूच ठेवून पाहावं. दुसऱ्या दिवशी मी मालकांनाच स्विचपाशी उभं केलं. बेलकडे लक्ष देऊ नका म्हटलं. खरंच थांबवायचं झालं तर मी हॉलच्या दारातून रुमाल हलवीन. मालक स्विच असा धरून उभे राहिले, जसा नवरदेव कट्यार धरतो. मी हॉलमध्ये गेलो.

रेचे सुरू होते आणि भिंत थरथरत होती. भिंतीबरोबर तीन लिंबं नाचत होती. लिंबं दोऱ्यात ओवलेली नव्हती. दोरा तुटून रुईत गेला तर माल खराब होईल, म्हणून हुशार मुकादमानं ती उघड्या तारेत ओवली होती! ती तार उघड्या बटनाच्या दोन स्क्रूंवर लोळत होती. दोन्हींना एकदम टेकली की बारीक ठिणगी उडायची. कापसाच्या हॉलमध्ये.

मी हात पुढे केला. मुकादम ओरडला, "लिंबाले हात नको लावू! बाटवतं काय?"

"मंग तुमी लावा," मी म्हटलं.

त्यानं लिंबं उचलून धरली. बेल गप्प. सोडली, तर अंगणापलीकडून मालकांची हाक, "वाजून राह्यली रे!" उचलली, गप्प. सोडली, "वाजून राह्यली!" मुकादमाला त्यात मौज वाटू लागली. पुढे त्याच्या लक्षात आलं की तो काय सिद्ध करतो आहे, आणि त्याचा हात तसाच वर राहिला.

मी रुमाल हलवला. मोटर थांबली, मालक आले. सगळं पाहून त्यांनी निवाडा दिला, "लिंबू तर लागनच. आता दर शनिवारी तूच लाव. तार कुठं टेकते ते तुलेच समजते."

"हो मालक," मुकादम लगेच म्हणाला, "ते वायरमनचंच काम हाय."

मी म्हटलं, "आत्ताच तर माह्या हातानं बाटत होतं." रेच्यामागून एक बाई मोठ्यानं हसली. मुकादम भिंतीकडे पाहू लागला.

"मंग नाई लावत?" मालकांनी विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

मालकांनी फाटकाबाहेरच्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाय, मोटर चालू कर."

जाण्याआधी मी कुंकू खरवडलं, स्क्रू आवळले आणि झाकण माझ्या हातानं बसवलं. त्यानंतर मुकादम रोज त्याच झाकणावर तळहात ठेवून बटन दाबायचा. त्यानं तो कधी बाटला नाही. ते बटन दाबल्याशिवाय त्याचे रेचे चालत नव्हते.