चुनीचं वरण

आमच्या घरात सलग दोन वर्षं जनावरांचं खाणं शिजलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहिताना माझा हात अडखळणार नाही. एकदा अडखळला होता, आणि त्याचा त्रास सात घरांना झाला.

केज तालुक्यातल्या आमच्या गावात सोसायटीची एक लहान डाळ मिल आहे. तुरीची डाळ भरडताना टरफलं आणि तुटके कण चाळणीखाली पडतात. त्याला चुनी म्हणतात. ती पोत्यात भरतात आणि गाई-म्हशींसाठी विकतात. मिलमध्ये तूर निवडायला, वाळत घालायला, पोती भरायला सात बायका रोजानं जायच्या. त्यातली एक माझी आई. संध्याकाळी मशीन बंद झाली की बायका सगळी फरशी झाडून घ्यायच्या. त्या झाडणीत माती असायची, खडे असायचे, सुतळीचे तुकडे असायचे, आणि डाळीचे कणही असायचे. झाडणीचे सात ढीग व्हायचे आणि ज्या त्या बाईनं आपापला ढीग पदरात बांधून घरी न्यायचा. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. मिल सुरू झाली तेव्हापासून तसंच चालत आलेलं.

घरी आल्यावर आई ती झाडण आधी चाळायची, मग सुपात पाखडायची. टरफलं शेजारच्या शेळीला जायची. राहिलेले कण पाण्यात रोळून खडे खाली बसवायचे. टँकर चार दिवसांनी यायचा, म्हणून रोळायचं पाणीही मोजकंच. त्याच पाण्यात नंतर भांडी विसळायची आणि भांड्यांचं पाणी दारातल्या शेवग्याला. शेवग्यानं त्या दोन वर्षांत आम्हाला पाल्याची भाजी दिली, जेव्हा बाजारात मेथीच्या जुडीला हात लावायची सोय नव्हती. कण लवकर शिजतात, त्यामुळं सरपणही कमी लागायचं. चिंच, लसूण आणि मीठ घातलं की त्याचं वरण होतं. चव सांगायची तर डाळीपेक्षा थोडी तुरट. मला आवडायची. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडते.

पहिल्या दुष्काळी वर्षी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. केजला एस.टी.नं जायचे आणि वर्गात मागच्या बाकावर बसायचे. सर काही विचारतील या धाकानं मान खाली घालायचे. उत्तर येत असलं तरी तोंड उघडायचं नाही, अशी सवय होती.

उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा जेवताना म्हणाले की आवंदा मी घरी राहावं. शेतात काही पिकलं नव्हतं. गाय आधीच्या वर्षी विकली होती. अण्णांना जनावरांच्या दुष्काळी छावणीवर चारा उतरवायचं काम मिळायचं, ते पण आठवड्यातून तीन-चार दिवस. पाऊस झाला तर पुढच्या वर्षाचं पुढं बघू, असं ते म्हणाले. ते रागानं बोलत नव्हते, म्हणूनच मला काही उलटून बोलता येईना.

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तिच्या फीचं मला सांगा. घरखर्चातून काढते."

"घरखर्चात हाय काय काढायला?"

"ते माझं मी बगते. तुमी फक्त न्हाई म्हणू नका."

अण्णा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून आमची चूल आणि माझं कॉलेज एकाच गाठीला बांधलं गेलं. किराणा वाचला तर फी, नाही वाचला तर मी घरी.

आईनं काय काय केलं ते मी जवळून पाहिलं. डाळ विकत घेणं तिनं बंदच केलं. तेल पळीनं ओतायचं सोडून दिलं. एक चिंधी तेलात बुडवून वाटीत ठेवली आणि तव्यावर तीच फिरवायची. ज्वारी त्या वर्षी गव्हापेक्षा महाग झाली होती, आणि रेशनवर गहू मिळायचा. मग आमच्याकडं रोज पोळी आणि सणाला भाकरी, असं उलटं सुरू झालं. पाहुणे आले की पोळी वाढलेली बघून खूश व्हायचे. त्यांना काय माहीत की भाकरी परवडत नव्हती. कणाचं पीठ रेशनच्या गव्हात मिसळून धपाटे करायचे, ते दोन दिवस टिकायचे. आठवडी बाजाराला आम्ही युसूफ वडगावला दिवस मावळायच्या जरा आधी जायचो, माळवं विकणारे पाट्या आवरायला लागले की. तेव्हा वांग्याचा ढीग अर्ध्या किमतीत मिळतो.

एकदा आमच्या आळीतली एक बाई भरल्या पिशव्या घेऊन परत येताना भेटली आणि हसून म्हणाली, "आत्ता निघालीस व्हय? बाजारात आता कुत्री उरलीत."

आई म्हणाली, "मग त्यांच्याकडून घेते. ती बी तुझ्यावाणी बोलत न्हाईत."

दिवाळीनंतर कॉलेजात दुसऱ्या हप्त्याची सूचना लागली. जवळपास तेवढे पैसे आईनं मागं टाकले होते. आणि नेमकं त्याच महिन्यात सोसायटीच्या सचिवांनी झाडण बंद केली.

त्यांचं म्हणणं असं, की छावणीवाले चुनी वाटेल त्या भावानं मागतात. एक कणही वाया जाता कामा नये. झाडणसुद्धा पोत्यात भरायची, चाळून विकता येते. सचिव माणूस वाईट नव्हते. त्यांच्यावरही कमिटी होती आणि मिल तोट्यात होती. पण आमचं वरण त्यांच्या पोत्यात चाललं होतं.

त्या संध्याकाळी बायका रिकाम्या पदरानं आल्या आणि थेट आमच्या दारात बसल्या. त्यांच्यात सगळ्यात म्हाताऱ्या एक मावशी होत्या. त्या मला म्हणाल्या, "तू कॉलेजात जातीस. आमच्याकडून अर्ज लिही."

मला फार बरं वाटलं. आजवर मला कुणी असं काही मागितलं नव्हतं. मी वहीचं कोरं पान घेतलं, 'प्रति' लिहिलं, 'विषय' लिहिला आणि तिथं थांबले. काय लिहायचं? आम्ही ते खातो, असं लिहायचं? अर्ज कमिटीसमोर वाचला जाणार. कमिटीतल्या एकाची मुलगी माझ्या वर्गात होती. मी लिहिलं, 'आमच्या जनावरांच्या खाद्यासाठी चुनीयुक्त झाडण पूर्वीप्रमाणे मिळावी, ही नम्र विनंती.'

वाचून दाखवलं. आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचं नाव लिहिलं, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात. बाकीच्यांनी अंगठे दिले.

तीन दिवसांनी अर्ज परत आला. मागं सचिवांनी लाल शाईनं लिहिलं होतं की ज्यांची जनावरं छावणीत आहेत त्यांना खाद्य छावणीतच मिळतं, आणि ज्यांच्याकडं जनावरं नाहीत त्यांचा प्रश्नच येत नाही. सातही बायकांना त्यांनी मिलमध्ये उभं करून विचारलं, तुझी किती जनावरं, तुझी किती. पाचजणींची छावणीत होती. मावशींकडं एक कोंबडी होती. आमची दावण रिकामी होती. सचिव हसले नाहीत, पण मिलचा मशीनवाला हसला म्हणे.

आईनं घरी येऊन अर्जाचा कागद माझ्यापुढं ठेवला. ओरडली नाही. तिनं विचारलं, "जनावराचं कावून लिहिलंस?"

मी खरं सांगितलं. लाज वाटली.

"त्याच्यावर तुझं कॉलेज चाललंय. त्याची लाज वाटती, मग त्या पुस्तकाची कावून वाटत न्हाई?"

मी तेव्हा रडले, पण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की मी खोटं लिहिलं ते कुणाला फसवायला नाही. मला वाटायचं, शिकलेल्या माणसानं चांगलं लिहायचं असतं, आणि चांगलं म्हणजे ज्यात आपण दिसत नाही असं. हे मला कुणी शिकवलं, मी आजही सांगू शकत नाही. आईनं तर नाही शिकवलं.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद झाल्यावर आईनं केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली आणि घरी निघाली. सचिवांनी विचारलं, फरशी कोण झाडणार? आई म्हणाली, "झाडण सोसायटीची हाय ना भाऊ, मग झाडणं बी सोसायटीनंच करावं. आमी तुरीच्या रोजावर हाव."

बाकीच्या सहाजणीही निघाल्या. मावशी जाता जाता म्हणाल्या, की माझी कोंबडी पाठवू का झाडायला? हे मला आईनं सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली.

रोजावर सगळ्या जायच्या, काम चोख करायच्या, फक्त झाडायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मशीनवाल्यानं झाडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धंच झाडलं. चौथ्या दिवशी फरशीवर कणांचा आणि टरफलांचा असा थर झाला की नवी डाळ पोत्यात भरताना त्यात तुटके कण मिसळायला लागले. उंदीर झाले. घरात आमची मात्र पंचाईत होत होती. वरणाच्या जागी येसर, म्हणजे भाजल्या धान्याचं मसालेदार पीठ, कालवलेली पातळ आमटी यायला लागली, मग नुसती चटणी. मागं टाकलेल्या पैशांना हात लावायची वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा आईनं डबा उघडला आणि परत झाकला.

त्या आठवड्यात कमिटीची बैठक होती. मी दुसरा अर्ज लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेज बुडवून मी आईबरोबर मिलच्या ऑफिसात गेले आणि मीच वाचून दाखवते म्हणाले. माझा आवाज इतका बारीक झाला की एकानं, मोठ्यानं वाच, ऐकू येत न्हाई, असं म्हटलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

'पहिल्या अर्जात आम्ही जनावरांसाठी लिहिलं होतं, ते खरं नाही. झाडणीतले कण आम्ही निवडून शिजवतो आणि खातो. सात घरांतली माणसं खातात. ते बंद झाल्यानं आमच्या घरात डाळ शिजत नाही.'

कमिटीतला एकजण खुर्चीत मागं टेकून म्हणाला, "माणसं चुनी खातेत व्हय?"

मला वाटलं, आता जमीन फाटावी. पण आई माझ्या मागंच उभी होती. तिनं शांतपणे सांगितलं, "खातेत. उद्या दुपारी या. ताट वाढते. आवडलं न्हाई तर सांगा."

कुणी हसलं नाही. सचिवांनी रजिस्टर उघडलं, काही लिहिलं, आणि उंदरांचा विषय काढला. बरंच बोलणं झालं, त्यातलं निम्मं आमच्याविषयी नव्हतंच. शेवटी ठरलं की चाळणीखालची चुनी सोसायटीची, आणि फरशीवरची झाडण बायकांची. पण आता एक फॉर्म भरायचा. सचिवांकडं छापील होते, खाद्यवाटपाचे. त्यात एक रकाना होता, 'जनावरांची संख्या'. सातही फॉर्म मीच भरले, तिथंच, टेबलाच्या कोपऱ्यावर. सातही ठिकाणी 'जनावरांची' हा शब्द खोडला आणि वर 'माणसांची' लिहिलं. आमच्यात तीन. मावशींकडं एक. सचिवांनी पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि शिक्का मारला.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा एका मैत्रिणीनं मला समजावलं की असल्या गोष्टी लिहू नयेत, गावाचं नाव खराब होतं. मला नाही पटलं. पाऊस आला नाही, हे गावाचं नाव खराब करत नाही. छावणीत जनावरं बांधली, त्याचे फोटो काढून लावले, त्यानंही नाही झालं. मग आमच्या ताटानंच कसं होतं? तुटक्या कणातून आईनं वरण काढलं आणि वरणातून माझी फी काढली. ज्याला यात लाज दिसते त्यानं ती स्वतःकडं ठेवावी.

त्या वर्षी दुसरा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी आईनं पैसे रुमालात बांधून माझ्या हातात दिले. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी रुमालाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वाट पाहत राहिले, की आता ते काय म्हणतील.

"केजची पहिली गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं. "मी सोडायला येतो."