खुराड्याच्या दारावरची फांदी

लीगोच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणाला पाऊस लागायचाच. आजही पहाटेपासून भुरभुर चालू होती, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. विज्मा चुलीपुढे उभी राहून सणाचं चीज घोटत होती. दूध, चक्का, अंडी, लोणी, वरून शहाजिरं. हात थांबला की तळाला लागतं. नवरा ओयार्स भूर्जाच्या डहाळ्या आणायला ट्रॅक्टर घेऊन रानात गेला होता, म्हणजे शेजाऱ्याची नवी बियर चाखत बसला असणार. पाहुणे यायच्या आत घरादाराच्या प्रत्येक दाराला डहाळी लागायला हवी होती, आणि या बाबाचा पत्ताच नव्हता.

भूर्जापायी विज्मा आधीच मेटाकुटीला आलेली बाई. पोस्टातली नोकरी, दोन गायी, आणि त्यातून वेळ काढून दलदलीच्या कडेचे खुरटे भूर्ज उकरून आणायचे, पसरट कुंड्यांत वाढवायचे. बोन्साय कशाचंही करा पण भूर्जाचं करू नका, असं तीच सगळ्यांना सांगायची. वसंतात कात्री लावली की हे झाड रडत बसतं, घावातून रस गळतच राहतो. तार गुंडाळली की रुसतं. काहीच केलं नाही तर भरल्या पानांची फांदी उगाचच वाळवून टाकतं. पाइन लावणारी माणसं सुखी, म्हणायची, आणि पुन्हा दलदलीत जायची.

इतक्या वर्षांत एकच झाड तिच्या मनासारखं झालं होतं. त्याची खालची डावी फांदी हात पसरावा तशी कुंडीबाहेर आली होती. त्या फांदीमुळेच रिगाला येत्या शरदात भरणाऱ्या बोन्सायच्या प्रदर्शनात त्याला पहिल्यांदा जागा मिळाली होती. सासू झेल्मा मात्र म्हणायची, "बिचाऱ्या झाडाला ताटात कोंबून ठेवलंय."

ओयार्स दिसतो का म्हणून विज्मानं खिडकीतून डोकावलं. खुराड्याच्या दारावर डहाळी होती. तिची पानं नखाएवढी. एवढी बारीक पानं रानातल्या कुठल्याच भूर्जाला नसतात.

ती हातातला डाव टाकून बाहेर, खुराड्यापाशी उभ्या झेल्माकडे धावली.

"आत्याबाई, ही कुठली?"

"ताटातल्या झाडाची," झेल्मा शांतपणे म्हणाली. "तुझ्या नवऱ्याची वाट बघून डोळे दुखले. माझे गुडघे काही रानात जाऊ देत नाहीत. खुराडं लहान, डहाळी लहान, अगदी मापात बसली बघ."

"ती प्रदर्शनाची फांदी होती."

"अगं, मग तिथंच लावायची होतीस. मला काय माहीत? कोंबड्यांनी सणाला उघडंबोडकं राहायचं का?"

विज्मा दात आवळून झाडापाशी गेली. एका हातात बादली धरलेल्या बाईसारखं ते उजवीकडे कललं होतं. रिगा गेलं. नवी फांदी यायला वर्षं जातील, तीही या झाडाची मर्जी असेल तर. असं तिरपागडं तर ठेवता येत नव्हतं. भार उतरवायचा तर आत्ताच, पानं भरलेली असताना. वसंतात कापलं तर पुन्हा रडारड.

तिनं कात्री आणली आणि उजवीकडची जाड फांदी उतरवली. घावाला मलम लावलं. मागे सरकून पाहिलं. नुसतं वाकडं खोड आणि शेंड्याला चार पानं. दलदलीत पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते असंच होतं, मेलं. इतक्या वर्षांचं घोटणं फुकट, आणि वर ते बरं दिसत होतं, याचाच तिला जास्त संताप आला.

पाठीमागून झेल्माचा हात पुढे आला.

"ती टाकू नकोस गं सूनबाई. न्हाणीघराचं दार राहिलंय."

विज्मानं फांदी तिच्या हातात दिली.

स्वयंपाकघरात करपट वास भरला होता. चीज तळाला लागलंच होतं. तिनं वरचं वरचं दुसऱ्या पातेल्यात काढलं, मूठभर शहाजिरं जास्त घातलं आणि पुन्हा घोटायला लागली.