मंद केलेली गाडी

रूपाचा फोन आला तेव्हा मी इडलीचं पीठ ढवळत होते. एरवी ती आधी "काकू, कॉफी झाली?" म्हणून विचारते आणि मग कामाचं बोलते, म्हैसूरची रीतच आहे ती. त्या सकाळी तिने कॉफीचं विचारलं नाही. "काकू, अप्पा उठेनात..." एवढंच म्हणाली. माझे धाकटे दीर मनोहर, म्हणजे रूपाचे अप्पा, झोपेतच गेले होते. आदल्या दिवशी माणूस दोन वेळा पोटभर जेवला, शेजाऱ्यांशी क्रिकेटवरून भांडला, आणि सकाळी नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडायचं तेवढं रडून झालं आहे. त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर आधी हसूच येतं, त्याला मी काय करू? माणूसच तसा होता.

मी मूळची सोलापूरची. लग्न करून म्हैसूरला आले तेव्हा वाटलं होतं, घर मराठी आहे म्हणजे आपलंच आहे. घर मराठी होतं, पण पिढ्यानपिढ्या इथे मुरलेलं. पूर्वीची माणसं कापड रंगवायची, छापायची. पुढे तो धंदा बसला आणि जो तो वेगवेगळ्या कामाला लागला. माझे यजमान वसंतराव बँकेत चिकटले, भावजी मोटारसायकलच्या कारखान्यात. घरात बोलायची मराठीच, पण अर्धं वाक्य झालं की कन्नड आत शिरणार. पहिल्याच दिवशी भावजी मला म्हणाले, "वैनी, सुम्ने काम करत राहू नका, स्वल्प बसा की!" मी म्हटलं, "उगीच आणि जरा असे दोन चांगले शब्द आहेत मराठीत." तर हसून म्हणाले, "अय्यो, वैनी पेपर वाचल्यासारखं बोलतात!" तेव्हापासून जन्मभर आमची हीच भांडणं. माझी मराठी काही त्यांना बिघडवू दिली नाही मी, आणि त्यांची सुधारली नाही. जाऊबाई लवकर गेल्या, त्यामुळे रूपा आमच्या विजयनगर भागातल्या घरीच जास्त वाढली आणि भावजी रोज तिला न्यायला यायचे, ते जेवूनच जायचे.

कारखाना बंद पडल्यावर त्यांनी कडकोळला, नंजनगूडच्या रस्त्यालगत, एक शेड घेतली आणि गाड्या ट्यून करायला लागले. ट्यून करणं म्हणजे बिघडलेली गाडी दुरुस्त करणं नव्हे. चालणाऱ्या गाडीचं इंजिन, हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण, ठिणगी पडायची वेळ, हे सगळं असं जुळवायचं की गाडी आहे त्यातून जास्तीत जास्त देईल. पुढे त्यांनी डायनो बसवला. वाचकांपैकी पुष्कळांना तो ठाऊक नसेल, मलाही नव्हता. जमिनीत एक जड रूळ असतो. गाडीचं पुढचं चाक पकडीत अडकवायचं, मागचं त्या रुळावर ठेवायचं, पट्ट्यांनी गाडी आवळून बांधायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि मूठ पूर्ण पिळायची. गाडी जागच्या जागी धावते आणि रूळ किती जोराने फिरला त्यावरून संगणक तिच्या ताकदीची रेघ काढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कानांवर हात ठेवून म्हटलं होतं, "भावजी, एवढं पेट्रोल जाळून गाडी कुठे गेली? कुठेच नाही!" त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "वैनी, तुम्ही व्यायामाची सायकल घेतली, त्यावरून कुठं गेलात?" त्या पहिल्या दिवशी डायनोवर पहिली गाडी चढवली ती वसंतरावांचीच. म्हैसूरलाच बनलेली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, आमच्या लग्नाआधीची. मोठ्या भावाच्या गाडीशिवाय मुहूर्त कसा होणार, म्हणे.

त्यांच्या कामाच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे स्पार्क प्लग काढला की तो घेऊन शेडच्या दारात उन्हात जायचे. ट्यूबलाइटखाली बघायचे नाहीत. त्यांचे आजोबा रंगवलेलं कापड दिव्याखाली कधी पारखत नसत, म्हणून नातूही प्लग दिव्याखाली पारखणार नाही. प्लगचं टोक पांढरं पडलं म्हणजे पेट्रोल कमी, काळं पडलं म्हणजे जास्त, हे कुठलाही मेकॅनिक सांगतो. भावजींना मात्र काथाचा रंग हवा असायचा, तोही पानातल्या ओल्या काथाचा नाही, वाळलेल्या. गिऱ्हाईक बिचारं घड्याळ बघत उभं, आणि हे प्लग उन्हात फिरवून "बेड, नको, रंग अजून एक घर अलीकडं पायजे" म्हणत पुन्हा आत. दुसरी खोड अशी की गाडी डायनोवर घेण्याआधी ते मालकाच्या मागे बसून एक फेरी मारून यायचे. हिनकलकडची कंपन्यांतली पोरं नव्या कोऱ्या गाड्या घेऊन यायची, त्यांना फक्त आकडा वाढवून हवा असायचा, मित्रांना दाखवायला. हे म्हणायचे, "आकडा वाढवतो की. आधी चल, मला नंजनगूड रोडला फिरवून आण." एवढा पोटाचा घेर घेऊन हा माणूस मागे बसलाय म्हटल्यावर पोरं अवघडून जायची. मला एकदा सांगत होते, "डायनोवर गाडी कळते वैनी. मागं बसल्यावर हात कळतो. हातापेक्षा गाडी मोठी करून दिली तर उपयोग काय? अल्वा, खरं की नाही?"

तर दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला बाहुल्या मांडतात. त्यांची ट्रंक माळ्यावरून काढायला वसंतराव स्टुलावर चढले. मी नको म्हणत होते, हे मुद्दाम लिहून ठेवते. ट्रंक खाली आली आणि तिच्यामागोमाग हेही आले. बाहुल्या शाबूत, उजवं मनगट मोडलं. आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. प्लास्टर निघालं तरी मुठीत जोर नव्हता आणि हात थरथरायचा. कॉफीचा पेला धरला तर बशीत निम्मी कॉफी. पेल्याचं काही नाही हो, पण उजवी मूठ म्हणजे गाडीची मूठ. थरथरत्या हाताने ती धरली की गाडी उड्या मारणार, गचके देणार. निवृत्तीनंतर रोज सकाळी हिनकलच्या पुढे जाऊन मित्रांबरोबर कॉफी पिऊन यायचं, हा त्यांचा दिनक्रम. बँकेत चाळीस माणसांत वावरलेला माणूस. गाडी सुटली तर खुर्ची आणि टीव्ही एवढंच उरणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. रिक्षाने जा म्हटलं तर जायचे नाहीत. "मला काय कुणी सोडायला पायजे काय शाळेच्या पोरासारखं?" म्हणून बाल्कनीत बसायचे. दिवसेंदिवस बोलणं कमी व्हायला लागलं, आणि बडबड्या घरात ते फार जाणवतं.

माझं मत स्पष्ट होतं. या वयात गाडी नको. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, बहुतेक बायका म्हणतील. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, हात वापरा, नाहीतर आखडेल. बेताने चालवायला हरकत नाही. एवढं ऐकल्यावर भावजी गाडीच घेऊन गेले. मी फोनवर चांगलं फैलावर घेतलं त्यांना. ते शांतपणे म्हणाले, "वैनी, अण्णाचा हात लहान झालाय आता. गाडी पण लहान करतो. मला चार दिवस द्या, मग शिव्या द्या." पुढचं मी रूपाकडून ऐकलं. ती मेकॅनिकल शिकून त्यांच्याबरोबरच काम करायची. सगळी हयात गाड्यांची ताकद वाढवण्यात घालवलेल्या माणसाने चार दिवस एका गाडीची ताकद कमी करण्यात घालवले. मुठीच्या आत एक चकती असते, तिच्यावर तार गुंडाळली जाते. ती त्यांनी लहान करून बसवली, म्हणजे मूठ बरीच फिरवली तरी पेट्रोल थोडंच जाईल. स्प्रिंग हलकी केली. ठिणगीची वेळ मागे घेतली. आणि डायनोवर स्वतःच हात थरथरवून बघायचे, मुद्दाम, पुन्हा पुन्हा, गाडी गचके देते का म्हणून. आलेली पोरं ती रेघ बघून हसली, कारण त्या शेडमध्ये एवढी बुटकी रेघ कुणाचीच नव्हती. भावजींना त्या रेघेचं फार कौतुक. "नोड, बघ कशी निजलीय," म्हणायचे.

गाडी घरी आली. वसंतराव बसले, मूठ फिरवली, आणि ती म्हातारी आज्जी देवळात निघावी तशी सरळ, न हिसडता निघाली. मी बाल्कनीतून बघत होते. गल्लीच्या टोकाला वळले तेव्हा मी कठड्यावरून वाकून बघत होते, आणि परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावरची कळा बघून मी आत जाऊन उपमा टाकला. भावजींना शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या. त्यानंतर घरात पुन्हा बडबड सुरू झाली. वसंतराव सगळ्यांना सांगायचे, "आमची गाडी आता माझ्यासारखीच, पेन्शनर!" भावजी दर काही महिन्यांनी यायचे. तेल बदलायचंय, तार आवळायचीय, काहीतरी निमित्त काढायचे, "अण्णा, चल, एक फेरी मार" म्हणून त्यांच्या मागे बसायचे आणि गाडी एक दिवस शेडला घेऊन जायचे. मी म्हणायची, एवढी काय ती खुशामत त्या जुन्या गाडीची! तर म्हणायचे, "आय्तु, बरं वैनी, जुन्याला बघावं लागतं की." हे असं दोन-तीन वर्षं चाललं.

भावजी गेले आणि वसंतरावांनी गाडीवर कापड टाकलं. दिवस झाले, पाहुणे गेले, तरी कापड निघेना. विचारलं तर म्हणाले, "मनूनं माझ्या हाताच्या मापाची करून दिलेली गाडी. आता बिघडली तर ते माप कुणाला ठाऊक? विकून टाकू." आणि पुन्हा ती बाल्कनी, ती खुर्ची. मला वाटलं होतं, गाडी जाणार म्हटल्यावर मला हायसं वाटेल. वाटलं नाही. दिरापाठोपाठ नवराही हळूहळू घरातून निघून चाललाय असं वाटायला लागलं, आणि मी फार घाबरले. हिनकलचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवणारे, ते रविवारी बघायला येणार असं ठरलं. रूपा म्हणाली, काका, देण्याआधी एकदा डायनोवर चढवू या, घेणाऱ्याला गाडीची खरी स्थिती सांगता येईल. शेवटची फेरी म्हणून वसंतराव स्वतः चालवत निघाले. मी मागे बसले, मांडीवर डबा.

शेडमध्ये भावजींची खुर्ची तशीच दारात, उन्हाच्या बाजूला तोंड करून. मी तिच्यावर बसले नाही. रूपाने गाडी बांधली, पंखा लावला, मूठ पिळली. मी सवयीने कानांवर हात ठेवले. गाडी थांबली आणि रूपा वाकून पडद्यावरची रेघ बघायला लागली. तिने पुन्हा एकदा गाडी पळवली. मग मुठीचे स्क्रू काढले, आत बघितलं, आणि आम्हाला बोलावलं.

"काका, लहान चकती नाहीच आत," ती म्हणाली. "मूळची मोठी बसवलीय. स्प्रिंग पण मूळची. टायमिंग पण. हे बघा..." पडद्यावर तिने मुहूर्ताच्या दिवशीची, मनगट मोडण्याच्या कितीतरी आधीची रेघ आणली आणि आजची तिच्यावर ठेवली. डायनोतलं मला कळत नाही, पण दोन रेघा एकीवर एक बसल्यात हे कळायला काय लागतं? निजलेली रेघ कुठेच नव्हती. दर खेपेला तेल बदलायच्या निमित्ताने, मागे बसून हाताचा अंदाज घेऊन, भावजींनी थोडी थोडी करून सगळी गाडी परत देऊन टाकली होती. रूपालाही सांगितलं नव्हतं. ही काय आजची गोष्ट नव्हती. शेवटचं काम होऊन वर्ष तरी झालं असेल, स्क्रूंवरचा मळ दाखवून ती म्हणाली. म्हणजे वर्षभर वसंतराव ज्या गाडीला पेन्शनर म्हणत होते ती पुरती तरणी होती, आणि ज्या हाताला ते अधू समजत होते तो तिला बिनबोभाट सांभाळत होता.

वसंतरावांनी आपला उजवा हात समोर धरून बघितला. मग म्हणाले, "लब्बाड... मला सांगितलं असतं तर मी भ्यालो असतो, म्हणून नाही सांगितलं." आणि माझा नवरा, जो भावाच्या चितेसमोरही दात घट्ट आवळून उभा होता, तो शेडच्या मधोमध उभा राहून रडला, आणि रडता रडता हसायला लागला. रूपाही, मीही. बाहेर एक गिऱ्हाईक आलं होतं, ते आमच्याकडे बघून आल्या पावली मागे फिरलं.

डबा तिथेच खाल्ला आम्ही. निघताना वसंतरावांनी हिनकलच्या गृहस्थांना फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी का ते विचारलं असावं, कारण हे भावजींसारखंच म्हणाले, "सुम्ने, उगीच." मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी नेहमीसारखीच चालली. मग समोर रस्ता मोकळा दिसला, आणि मला त्यांच्या खांद्यावरून दिसलं, त्यांचं मनगट हळूच मागे वळलं... आणखी वळलं. माझा पदर उडाला, डब्याचं झाकण वाजायला लागलं. मी ओरडले, "अहो, हळू!" ते काही ऐकेनात. मी मग त्यांना घट्ट धरून बसले आणि पुन्हा ओरडले नाही.