वारा तू धर

ओवे गावातून आमच्या खारघरच्या गेटवर भाजी विकायला येणाऱ्या मावशीचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्या दुपारी डोंगरावरचा वणवा सोसायटीच्या भिंतीपर्यंत उतरला, तेव्हा आम्ही गाड्या काढायला धावलो. ती मात्र पदर खोचून, करंजाची हिरवी डहाळी घेऊन थेट आगीकडे! मीही डहाळी तोडून तिच्यामागे पळालो. आग झोडपताना ती डोंगरावरच्या देवीला दटावत होती, "आये, वारा तू धर, आगीचं आमी बघतो!"

वारा खरंच पडला. आग विझल्यावर काळ्याठिक्कर हातांनी तिने टोपलीतला नारळ देवीच्या नावाने फोडला.

"वारा पडला नसता तर?" मी धापा टाकत विचारलं.

"मंग तिचंबी काम आमीच केलं असतं," ती खोबरं देत म्हणाली. "नारळ तरी तिलाच!"