दुसरं पाहणं

"हे फिरते का?"

माझ्या दुकानात पाय ठेवल्याबरोबर तो हेच विचारायचा. नमस्कार नाही, कसं काय नाही. एक बोट पुढे करायचा आणि समोर जे गोल दिसेल त्याला हळूच ढकलायचा. पंख्याचं पातं, सायकलची रिंग, कुकरचं झाकण. फिरलं तर डोळे बारीक करून थांबेपर्यंत पाहत राहायचा. नाही फिरलं तर जीभ टाळ्याला लावून च्यक करायचा, जणू मीच ते बिघडवलं.

रायपूरच्या गुढियारी भागात माझं भंगाराचं दुकान आहे. भंडाऱ्याकडून आलो तेव्हा हातठेला ढकलत होतो. आज उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातले रोलिंग मिलवाले माझ्याशी भाव करताना आधी पाणी पितात. माझ्याकडे माणूस येतो तो दोन कारणांनी, विकायला नाही तर घ्यायला. हा तिसऱ्याच कारणाने यायचा, आणि मला तिसरं कारण आवडत नाही.

"कलाकार," मी म्हणायचो, "घ्यायचं असन तर घे, नाही तर हात लावू नको."

"पाहून राहिलो, शेठ. पाहाले काय लागते?"

उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून तो माझाच चहा प्यायचा आणि सांगायचा. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. न विचारता सांगतात, आणि विचारलं तर गप्प बसतात. हा रेल्वेवाल्याचा पोरगा, इथल्याच मोहल्ल्यात वाढलेला. चित्रं बरी काढायचा म्हणून तरुणपणी मुंबईला गेला आणि कार्टून बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. जन्मभर तिथे त्याने मधली चित्रं काढली.

मधली म्हणजे काय, हे मला कळायला वेळ लागला. मोठा चित्रकार दोनच चित्रं काढतो. एकात माणूस बसलेला, दुसऱ्यात उभा. बसल्यापासून उभं राहीपर्यंतची सगळी चित्रं दुसऱ्याच कोणाला तरी काढावी लागतात. ती हा काढायचा. पडद्यावर नाव मोठ्याचं.

"म्हंजे हमाली तुझी, दुकान त्याचं," मी म्हणालो.

"हव," तो म्हणाला. "पण उठलं कोण? बसलेला त्याचा, उभा राह्यलेला त्याचा. उठणं माह्यं होतं."

मग कॉम्प्युटर आला. मधली चित्रं तो आपोआप काढायला लागला आणि याला घरी पाठवलं. घरी यायला घरही फारसं उरलं नव्हतं. बायको गेलेली. मुलगी लहानपणी आजीकडे इथेच वाढली, आणि आता हैदराबादला त्याच धंद्यात, कॉम्प्युटरवर. "मले घरी बसवणाऱ्या मशीनवर माही पोट्टी बसली आहे," असं तो सांगायचा. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे मला कधी वेगळं करता आलं नाही, आणि मी तर पितळेतून तांबं वेगळं ओळखणारा माणूस.

एकदा त्याने खिशातून पुठ्ठ्याची गोल चकती काढली. दोन्ही बाजूंना भोकं पाडून दोरा ओवलेला. "पाहा शेठ, सिनेमा नव्हता तवाचा हा खेळ आहे. साहेब लोकांचे पोट्टे खेळत." एका बाजूला त्याने माझ्या दुकानातला तराजू काढला होता, हुबेहूब, साखळीची गाठसुद्धा. दुसऱ्या बाजूला नुसता एक हात, अंगठीसकट. अंगठी माझी होती. त्याने दोऱ्याला पीळ दिला, सोडला, चकती गरगर फिरली, आणि सगळ्यांनी पाहिलं की माझा हात तराजूचं पारडं दाबून राहिला आहे.

माझे हमाल पोट धरून हसले. गिऱ्हाईकही हसलं.

"मी काटा मारतो? मी?" मी उठलोच.

"मी कुठं म्हटलं? हात या बाजूले आहे, काटा त्या बाजूले. जोडून तुम्ही पाहून राहिले."

चकती हिसकून मी लोखंडाच्या ढिगावर फेकली आणि त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी तो आला, डब्यावर बसला, आणि चहा मागितला. चकती तोवर माझ्या गल्ल्यात होती. अजूनही आहे. हात तेवढा नीट काढला होता त्याने, म्हणून ठेवली. दुसरं कारण नाही.

मग एक वॉशिंग मशीन आलं. मोटर काढून घेतली आणि आतला स्टीलचा ड्रम बाजूला टाकला. त्याने बोट लावलं. ड्रम फिरला. तो पाहतच राहिला.

"शेठ, हा मले पाहिजे."

भाव करताना मी माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही, बोटांकडे पाहतो. त्याची बोटं ड्रमच्या काठावरून सुटत नव्हती. असं गिऱ्हाईक म्हणजे पिकलेलं सीताफळ. मी दाबणारच होतो. पण तो म्हणाला, "याले उभ्या फटी पाडतो. आतून चित्राची पट्टी लावतो. ड्रम फिरला का फटीतून पाहाचं, चित्र चालते. असे ड्रम जुन्या काळी बैठकीत ठेवत. माह्या पोरीले दाखवाचं आहे. तिनं हे कधी पाह्यलंच नाही, डायरेक्ट कॉम्प्युटरच पाह्यला."

"मले काय भेटन?"

"काय पाहिजे?"

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "मले दाखवशीन तर ने."

तो विचारात पडला. फुकट मिळत असताना हा माणूस विचारात पडला! मग म्हणाला, "पहिलं पाहणं पोरीचं. ते नाही देता येत. दुसरं तुमचं."

"पक्कं?"

"पक्कं. मी फिरवन, तुम्ही पाहा."

असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. हात मिळवला, आणि माझ्याच ठेल्यावर ड्रम त्याच्या घरी पोचवला.

त्याने फटी पाडल्या, माझ्याच ग्राइंडरने. जड, उंच स्टँडवर ड्रम बसवला, आणि फिरवायला खाली शिलाई मशीनचं चाक आणि पट्टा लावला. मी बघायला गेलो तेव्हा आतून पट्टी काढून ठेवलेली होती. एवढा तो पक्का. चाक मारायचं तर जमिनीवर बसावं लागे, आणि फटी होत्या उभ्या माणसाच्या छातीशी. हात सोडून उठावं तर ड्रम अडखळत लगेच थांबायचा.

"अरे, हे एकट्याले दिसनच नाही," मी म्हणालो. "फिरवणाऱ्याले दिसत नाही, पाहणाऱ्याले फिरवता येत नाही. मोटर लाव. माह्याकडे पडल्या आहेत."

"नको."

"बेरिंगले ग्रीस तरी लाव. देतो फुकट."

"नको म्हटलं नं शेठ."

"काहून?"

"मोटर लावली तर मंग दुसरा माणूस कायले लागते?"

माझं डोकं तापलं. वस्तू बिघडलेली आहे म्हणून नव्हे, मुद्दाम बिघडलेली ठेवली आहे म्हणून. मी ओरडत राहिलो. त्याने चहा ठेवला. खोलीत एक खुर्ची होती. ती त्याने मला दिली आणि स्वतः चाकाशी खाली बसला, जणू ती जागा आता त्याचीच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मुलीचा व्हिडिओ कॉल चालू होता. तो फोन फटीसमोर धरून दुसऱ्या हाताने खाली चाकापर्यंत पोचायची खटपट करत होता. मी "मी फिरवतो" म्हणालो, तर त्याने मानेनेच नाही म्हटलं. फिरवणं त्याचं होतं.

"बाबा, कुछ दिख नहीं रहा," फोनमधून आवाज आला. "काली काली लाइनें आ रही हैं. मोटर लगाके वीडियो भेज दो ना."

"व्हिडिओत नाही येत ते, बेटा. डोळ्यानं पाहा लागते. तू ये."

"दिवाली में देखती हूँ, बाबा. पक्का नहीं बोल रही."

फोन ठेवून तो मला म्हणाला, "बरं झालं. शेवटचं चित्र राह्यलंच आहे अजून."

त्या शेवटच्या चित्राचं रडगाणं मग मी माझ्या दुकानात ऐकत राहिलो. पट्टीवर काय आहे ते त्याने सांगितलं. मुंबईहून बाप येतो, हातात थैली. लहान पोरगी दुरून पळत येते, झेप घेते, बाप तिला वर उचलतो. एवढं झालं होतं. पण ड्रम गोल. शेवटचं चित्र पहिल्याला जुळलं पाहिजे, नाही तर झटका बसतो. जुळवायचं तर बापाने पोरीला खाली ठेवायला पाहिजे, म्हणजे ती परत लांब जाऊन पळत येईल.

"मंग ठेव नं खाली! एकच चित्र आहे!"

"जन्मभर मधलीच चित्रं काढली, शेठ," तो म्हणाला. "हेच जमून नाही राह्यलं. सुट्टी सरली का तिले खालीच ठेवून जात होतो."

त्यानंतर तो यायचा कमी झाला. दिवाळी आली, गेली. मला वाटलं दुसरा कोणी भंगारवाला धरला असेल, आणि मी त्याच्यावर चिडून होतो. ऑइलचा डबा मी रागाने विकूनही टाकला.

मग एका सकाळी दुकानाच्या पाटीवरच्या नंबरावर फोन आला. बाईचा आवाज, हिंदी. "भैया, घर खाली करना है, थोड़ा कबाड़ है, ले जाओगे?" पत्ता सांगितला. तो पत्ता मला सांगायची गरज नव्हती.

ठेला घेऊन मीच गेलो. दारात मुलगी उभी होती. नाक त्याचंच. बाबा गेले म्हणाली, झोपेतच. सगळं उरकलं होतं. मला कोणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण? त्याच्या फोनमध्ये माझं नाव असेल तर नुसतं "शेठ", आणि रायपुरात शेठ पोत्याने मिळतात.

"ये कूलर, ये पलंग," ती दाखवत होती. "और ये लोहे का भी कुछ है. इसका वज़न अच्छा निकलेगा."

तिने ड्रमवर हात ठेवला होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शेजारची बाई खिडकीत आली एवढं आठवतं. "वजन? वजन विचारून राह्यली? तुह्या बापानं मले पाहू नाही दिलं याच्यात! पहिलं पाहणं तुह्यं आहे म्हणे! उभी राह्य तिथं!"

ती घाबरून उभी राहिली. मी खाली बसलो, गुडघे वाजले, आणि चाक मारलं. ड्रम कुरकुरला, अडखळला, मग फिरायला लागला.

खालून मला तिचे पायच दिसत होते. आधी ते दाराकडे वळलेले होते, निघायच्या तयारीत. मग सरळ झाले. मग फटीकडे झुकताना टाचा उचलल्या गेल्या, लहान पोरं खिडकीतून पाहताना उचलतात तशा.

मी चाक मारत राहिलो. माझा दंड भरून आला तसा मी हात काढला, आणि ड्रम थांबला.

"एक ड्रॉइंग कम है," ती म्हणाली. शेवटी तीही त्याच धंद्यातली. "जगह छोड़ी है, कोरी है. नीचे उतारने वाली बनाई ही नहीं."

"तू काढून टाक मंग. तुले तर येते."

"नहीं. रहने दो." नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग, हिंदी सोडून, आजीजवळ बोलत असेल तशा मराठीत ती म्हणाली, "अजून एकदा फिरवा नं, काका."

मी फिरवलं. ती म्हणेल तितक्यांदा फिरवलं.

तिची गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवायला लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. "आपने तो देखा ही नहीं. अगली बार मैं घुमाऊँगी, आप देखना." मी म्हटलं, पक्कं? ती म्हणाली, पक्कं. आणि गेली. घर रिकामं झालं. आता तिला इथे येण्याचं काही कारण उरलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

ड्रम माझ्या दुकानात आहे. लोक भाव विचारतात, मी सांगत नाही. मोटरी समोरच्या फळीवर पडल्या आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे. हमालाला हाक मारली तर तो हसत फिरवून देईल. पण सौदा मोटरशी झाला नव्हता, आणि हमालाशीही नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ड्रमच्या काठाला एक बोट लावतो आणि ढकलतो. वरून वाकून पाहिलं तर पोरगी दिसत नाही, बाप दिसत नाही. नुसता एक राखाडी पट्टा दिसतो, आणि त्यात एकाच जागी काहीतरी पांढरं लुकलुकतं. मग तो थांबतो.