गुलाल लागलेला कॅमेरा

वासंतीबाई कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतात. भाजीवाल्याचा फ्लॉवर असो, मुलाने आणलेला मिक्सर असो, की हळदीकुंकवाला मिळालेली चांदीची म्हणवणारी वाटी असो. विमा कंपनीत दावे तपासण्यात उभी नोकरी गेली. बदलीवर जयपूरला आल्या, त्या वैशाली नगरातच मुक्काम ठोकून राहिल्या. पण "अपघाताआधी गाडी अगदी नवी होती हो" म्हणणारी माणसं काही त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत.

जुना कॅमेरा घ्यायचं ठरलं खरं, पण त्यामुळे कुठेच जमेना. एकाचं झाकण सैल, दुसऱ्याचा मालक फार गोड बोलतो, तिसरा का विकतोय तेच सांगेना. या चौकशांत नातीच्या, ज्ञानदाच्या, कबड्डीच्या दोन स्पर्धा हातच्या गेल्या. बाईंकडचा कॅमेरा दिवसाउजेडी फुलं-पाखरं टिपणारा. खातीपुऱ्याच्या त्या मिणमिणत्या हॉलमध्ये ज्ञानदा चढाईला गेली, की फोटोत नुसता धूर.

"आजी, मतलब तू माझा फोटो काढते का भुताचा?" ज्ञानदा म्हणाली. तिचं मराठी हे असं. "रविवारी फायनल आहे. मग मी पुण्याला हॉस्टेलवर. नंतर कोणाचा काढशील?"

हे मात्र बाईंना लागलं. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी, मुलींच्या सरावाच्या वेळी, दोघा विकणाऱ्यांना थेट हॉलवरच बोलावलं. दुकानातल्या लख्ख दिव्याखाली सगळेच कॅमेरे गुणी असतात.

पहिले उत्तमजी, लग्नाचे फोटो काढणारे. कॅमेरा खरचटलेला, मुठीचं रबर सुटायला आलेलं. त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं, "आंटीजी, रबर मैंने खुद चिपकाया है, और एक बार मंडप में गिरा भी है." बाईंना माणूस पटला. इतका चटकन पटला म्हणून थोडा संशयही आला.

दुसरा राजस. आयटीतला, मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला. मंडळातल्या सगळ्याजणी म्हणत होत्या, "आपलाच मुलगा आहे, डोळे मिटून घ्या." बाईंनी चष्मा पुसून घेतला.

"काकू, कपाटातून बाहेरच निघाला नाही हो हा," राजस म्हणाला. कॅमेरा चकचकीत होता. शटर किती वेळा उघडलं त्याचा आकडाही त्याने मोबाइलवर काढून दाखवला.

"कपाटात होता तर शटर कोणी उघडलं? झुरळांनी?" बाई म्हणाल्या. "बरं, तू आता पळ."

"मी?"

"मग काय मी पळू? त्या रेषेपासून माझ्या अंगावर धावत ये. आधी उत्तमजींच्या कॅमेऱ्याने बघते."

राजस बूट काढून मोज्यांवर धावला. मग दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा धावला. सराव सोडून मुली बघत उभ्या. "राजसभैया, और फास्ट!" ज्ञानदा ओरडली.

बाईंनी दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवले. उत्तमजींच्या कॅमेऱ्यातला अंधार अगदी नितळ. भिंतीचा पोपडासुद्धा स्पष्ट. पण भिंतच स्पष्ट. राजसचा नुसता फराटा. राजसच्या कॅमेऱ्यात रवा पेरल्यासारखे दाणे, पण धावत्या राजसचा डोळा, मिशी, कपाळावरचा घाम प्रत्येक फोटोत जागच्या जागी.

उत्तमजी वाकून बघत हसले. "दूल्हा तो खड़ा रहता है, आंटीजी."

मग बाईंनी राजसचा कॅमेरा उलटा केला. बॅटरीचं झाकण उघडलं, पर्समधून कापूस लावलेली काडी काढली आणि बिजागरीत फिरवली. कापूस गुलाबी झाला.

"कपाटात होळी खेळतोस का रे?"

राजस कानापर्यंत लाल. "काकू, ऑफिसची होळी होती... आतून उघडून साफ करून घेतलाय. मी सांगणारच होतो."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

आता आली का पंचाईत! सरळ माणसाचा कॅमेरा पळत्या पोरीला गाठेना, आणि गाठणारा कॅमेरा थापाड्याचा. नोकरीत असत्या तर बाईंनी असला दावा तिथल्या तिथे फेटाळला असता. तेवढ्यात ज्ञानदा चढाईला निघाली. बाईंनी राजसचाच कॅमेरा डोळ्याला लावला. फोटोत ओठ दातांत धरलेली नात होती. धूर नव्हता.

"उत्तमजी, आपके कैमरे में खोट नहीं है," बाई म्हणाल्या. "मेरी पोती खड़ी नहीं रहती." मग राजसकडे वळल्या. "हा घेते. पण रविवारी तू माझ्या शेजारी बसायचंस. मध्येच बंद पडला तर धरायला तू समोर हवास. पैसे सामना संपल्यावर."

"काकू, रविवारी माझं जरा..."

"होळीला बरा वेळ होता!"

रविवारी राजस बसला. प्रत्येक चढाईनंतर बाई कॅमेरा कानाशी नेऊन हलवत, आत काही खुळखुळतंय का ऐकत, आणि एकदा त्याच्याकडे बघत. पहिला हाफ संपता संपता ज्ञानदाचा घोटा धरला गेला. अंगावर तिघी. ती तशीच लोळत, स्वतःला ओढत मध्यरेषेकडे निघाली, आणि बाईंनी बटणावरचं बोट उचललंच नाही.

मग त्यांनी फोटो मोठा करून बघितला. बोटं रेषेच्या पलीकडे टेकलेली. घामाने गालाला चिकटलेली बट. डोळे उघडे, थेट समोर. दाणे होते. असू देत. बराच वेळ त्या तेवढंच बघत राहिल्या. मग चारही कोपरे तपासले, आणि बॅटरीचं झाकण अंगठ्याने पुन्हा घट्ट दाबलं.

"आला ना, काकू?" राजसने हळूच मान पुढे काढली. "मग मी निघू?"

"बस खाली," बाई म्हणाल्या. "अजून दुसरा हाफ आहे."